अंतर किती होतं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री आठच्या सुमाराला नागभीडहून मामाचा फोन आला. मी पुण्यात, श्रीखंडाच्या गुंगीत. "पोरी, आत्ता आभाळातून काहीतरी गेलं. पेटतच होतं. फटाक्याची लड पेटवून कोणी फेकावी तसं. तुकडे तुकडे, एकामागं एक."

मे महिन्यात घरी गेले तेव्हा त्या तुकड्यांचं एक लांबट 'यान' झालं होतं. दिवाळीपर्यंत त्याला खिडक्या आल्या. ते अंगणातल्या कडुलिंबाच्या जरासं वरून, काडीचाही आवाज न करता गेलं होतं, आणि समोरच्यांचं कुत्रं कुंईकुंई करत खाटेखाली शिरलं होतं.

माझा मामा थापाड्या नाही. त्याने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. किराणा दुकानदाराने दोन रुपये जास्त परत दिले तर तो उन्हातून परत जाऊन ते देऊन येतो. म्हणूनच त्या खिडक्यांनी माझी झोप उडवली.

त्या रात्री काय झालं होतं ते आता माहीत आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये चीनने सोडलेल्या 'लाँग मार्च ३बी' रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून वातावरणात शिरला आणि जळत जळत आपल्या डोक्यावरून गेला. नागपूरपासून मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपर्यंत लोकांनी तो पाहिला, मोबाइलवर टिपला. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. मामाच्या घरापासून हे काही फार लांब नाही. त्याने कड्याचे फोटोही पाहिलेत. पण त्याचं म्हणणं ठाम आहे: "ते कडं वेगळं. मी पाहिलं ते वेगळं."

मधल्या सहा महिन्यांत काय घडलं, ते त्याचा फोन हातात घेतल्यावर कळलं. पाडव्याच्या रात्री त्याने यूट्यूबवर शोधाशोध केली, आणि तेव्हापासून अल्गोरिदम त्याला रोज उडत्या तबकड्या वाढतंय. खर्जातला आवाज, मागे धडधडणारं संगीत, आणि फिरून फिरून तेच चार-सहा जुने फोटो. दावेही तेच तीन. एक, साक्षीदार प्रामाणिक होता. दोन, फोटो तज्ज्ञांनी तपासला, त्यात छेडछाड नाही. तीन, आजपर्यंत कोणालाही याचा उलगडा झालेला नाही.

माझं भांडण या तीन दाव्यांशी आहे. मजा अशी की तिन्ही दावे मी घटकाभर मान्य करायला तयार आहे. तिन्ही खरे धरले तरी त्यातून परग्रहावरचं यान निघत नाही. कारण मधला एक आकडा कोणीच देत नाही. अंतर.

*

पहिला दावा घेऊ. साक्षीदार प्रामाणिक होता.

उडत्या तबकड्यांची सगळी कथा ज्याच्यापासून सुरू होते तो केनेथ अर्नोल्ड प्रामाणिकच असावा. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ तो स्वतःचं छोटं विमान उडवत होता. त्याला नऊ चमकत्या वस्तू रांगेने जाताना दिसल्या. त्याने घड्याळ लावून दोन पर्वतांमधला त्यांचा प्रवास मोजला: १ मिनिट ४२ सेकंद. पर्वतांमधलं अंतर माहीत होतं. भागाकार केला, आणि ताशी हजार मैलांच्या खूप वरचा वेग आला. तेव्हा असं विमान जगात कोणाकडेच नव्हतं.

बशी पाण्यावर भिरकावली की टप्पे घेत जाते, तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. म्हणजे उपमा चालीची होती. त्याने काढलेल्या चित्रातला आकार बुटाच्या टाचेसारखा होता: पुढे गोल, मागे निमुळता. वर्तमानपत्रांनी मात्र 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द उचलला, आणि त्या उन्हाळ्यात अमेरिकाभर लोकांना बश्या दिसू लागल्या. टाचा दिसल्या नाहीत. आभाळातल्या वस्तूंनी वर्तमानपत्र वाचून आपला आकार बदलला, असं मानायचं का?

आता गणित. अर्नोल्डच्या अंदाजाने त्या वस्तू साधारण ३७ किलोमीटरवर होत्या आणि प्रत्येकीची लांबी सुमारे १५ मीटर. कॅल्क्युलेटर काढा. ३७ किलोमीटरवरची १५ मीटरची वस्तू डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राच्या विसाव्या भागाएवढी दिसते. माणसाच्या डोळ्याची बारकावा टिपण्याची जी सीमा आहे, तिच्या अगदी काठावर. एक ठिपका. त्या ठिपक्याचा पुढचा भाग गोल आणि मागचा निमुळता आहे, हे दिसणं शक्य नाही. आकार दिसला असेल तर एकतर वस्तू प्रचंड होत्या किंवा खूप जवळ होत्या. अमेरिकी हवाई दलाचे सल्लागार असलेले खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी नेमकी हीच विसंगती दाखवली होती. वस्तू जवळ आणल्या की वेगही उतरतो, आणि साध्या विमानांच्या टप्प्यात येतो.

इथे अर्नोल्डला खोटं ठरवायची गरजच पडत नाही. त्याचं घड्याळ बरोबर होतं, भागाकार बरोबर होता. एक इनपुट अंदाजाने भरलेलं होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोणालाही हे दुखणं ठाऊक असतं: कोड निर्दोष, इनपुट चुकीचं, उत्तर थरारक.

आणि खिडक्या? ३ मार्च १९६८च्या रात्री अमेरिकेच्या कितीतरी राज्यांतल्या लोकांनी जळते गोळे रांगेने जाताना पाहिले. ते सोव्हिएत 'झोंड ४' मोहिमेच्या रॉकेटचे अवशेष होते. त्याच काळात कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली या विषयाचा अभ्यास चालू होता. त्यामुळे एक दुर्मिळ संधी मिळाली. वस्तू नेमकी काय होती हे माहीत, आणि तिची वर्णनंही हातात. बहुतेकांनी ठीकठाक वर्णन केलं होतं. पण काहींनी सिगारच्या आकाराचं यान पाहिलं. त्याला चौकोनी खिडक्या होत्या. पत्रे रिव्हेट मारून जोडल्यासारखे दिसत होते. कोणी म्हणालं, झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवरून गेलं. ओहायोतल्या एका शिक्षिकेने आपला कुत्रा भेदरून कण्हत होता असं कळवलं.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ओहायोतली ती शिक्षिका आणि नागभीडचा माझा शिक्षक मामा. दोघांच्या मधे ५४ वर्षं आणि अर्धी पृथ्वी. खिडक्या त्याच, झाड तेच, कुत्रंही तेच.

अंधारात काही दिवे एकत्र सरकताना दिसले की आपलं डोकं त्यांच्यामागे एक काळं शरीर उभं करतं आणि दिवे त्याच्यावर खिडक्यांसारखे बसवून टाकतं. हे वेडेपण नव्हे. रात्री हायवेवर दोन दिवे जोडीने येताना दिसले की आपण त्यांना ट्रक समजतो आणि बाजूला होतो. या सवयीने आपला जीव वाचतो. फक्त, हीच सवय शंभर किलोमीटर उंचीवर जळणाऱ्या पत्र्यांना लावली की यान तयार होतं. प्रामाणिकपणा डोळ्यांना टेप लावून अंतर मोजायला शिकवत नाही.

*

दुसरा दावा. फोटो तपासला, छेडछाड नाही.

"तेव्हा फोटोशॉप नव्हतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला नंबर द्यावा. फोटोशॉप नव्हतं, पण दोरा होता. पुठ्ठा होता. कात्री होती.

१९१७मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावात दोन मावस बहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल याने ते खरे मानले आणि त्यावर लेख लिहिले. निगेटिव्हमध्ये खाडाखोड नाही, असा जाणकारांचा निर्वाळा होता. तो बरोबरच होता! खाडाखोड नव्हतीच. कागदावर काढून कापलेल्या पऱ्या हॅटच्या पिनांनी उभ्या केल्या होत्या. कॅमेऱ्याने समोर होतं ते इमानाने टिपलं. दोघींनी ही कबुली दिली १९८३मध्ये, म्हातारपणी.

मामाच्या फोनवरचा सगळ्यात लाडका फोटो बेल्जियमचा आहे. काळा त्रिकोण, तीन कोपऱ्यांत तीन पांढरे दिवे, मधे एक लालसर. १९८९-९०च्या हिवाळ्यात बेल्जियममध्ये त्रिकोणी यानं दिसल्याच्या बातम्यांची लाट आली होती. त्या लाटेत पेटी-रेशेन गावातून हा फोटो बाहेर आला. मूळ स्लाइड उपलब्ध होती, आणि ती तिथल्या रॉयल मिलिटरी अकॅडमीसकट अनेक तज्ज्ञांनी तपासली. छेडछाड सापडली नाही. दिव्यांच्या हालचालींवर विद्वत्तापूर्ण चर्चा झाल्या. वीस वर्षं हा फोटो जगातला सर्वोत्तम पुरावा म्हणून पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मिरवला. जुलै २०११मध्ये फोटो काढणारा स्वतःच टीव्हीवर आला आणि म्हणाला की तो रंगवलेल्या थर्माकोलचा तुकडा होता. दिवे लावले, लटकवला, फोटो काढला. मित्रांची गंमत करायची होती.

तज्ज्ञ मूर्ख होते का? नाही. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. प्रश्न होता, "ही स्लाइड अस्सल आहे का?" स्लाइड अस्सल होती. अस्सल स्लाइडवर अस्सल थर्माकोल होता. हातभर अंतरावरचा छोटा त्रिकोण आणि आभाळातला विमानाएवढा त्रिकोण फोटोत तंतोतंत सारखे दिसतात, कारण फोटोत फक्त कोन उतरतो. लांबी उतरत नाही, अंतरही उतरत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तर तुलनेला घर नाही, झाड नाही, तारा नाही. पिक्सेल कितीही वाढवले तरी जी माहिती आत शिरलीच नाही ती बाहेर काढता येत नाही.

मग जिथे तुलनेला घर आणि झाड आहे असा फोटो? तोही आहे. ११ मे १९५०, ओरेगन राज्यातलं मॅकमिनव्हिल. एका शेतकरी जोडप्याने आपल्या अंगणातून बशीचे दोन फोटो काढले. ते 'लाइफ' मासिकात छापून आले. काँडन समितीच्या अभ्यासात या फोटोंबद्दल बऱ्यापैकी अनुकूल निष्कर्ष निघाला होता, आणि तो काढायची युक्ती सुंदर होती. दूरच्या वस्तूंवर हवेतल्या धुरकटपणाचा थर चढतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा फिकट दिसतात तसं. बशीची सावलीतली खालची बाजू फिकट दिसते, म्हणजे ती दूर असावी, पर्यायाने मोठी असावी.

अट एकच: ती खालची बाजू मुळातच फिकट किंवा अर्धपारदर्शक नसावी. आणि ही अट फोटोतून तपासता येत नाही. बशीच्या वरच फ्रेममधून विजेच्या तारा गेल्यात. तारेला छोटी वस्तू टांगली असेल तर? पुढे संशयवादी संशोधक रॉबर्ट शेफर यांनी गॅरेजच्या भिंतीवरच्या सावल्या पाहिल्या. त्या सकाळच्या उन्हाशी जुळत होत्या, आणि जोडप्याच्या सांगण्याप्रमाणे फोटो संध्याकाळचे होते. समर्थक म्हणतात, उजळ ढगामुळेही तशा सावल्या पडतील. हा वाद सत्तर वर्षांनंतरही चालूच आहे, आणि तो कशावर अडलाय? बशी ताऱ्यांखाली काही हातांवर होती की मैलभर दूर. पुन्हा अंतर.

*

तिसरा दावा सगळ्यात लबाड आहे. उलगडा झालेला नाही.

अमेरिकी हवाई दलाने १९४७पासून १९६९पर्यंत अशा नोंदी गोळा केल्या. शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या प्रकल्पाचं नाव 'ब्लू बुक'. एकूण नोंदी १२,६१८. त्यातल्या ७०१ 'अनोळखी' राहिल्या. साडेपाच टक्के. हे ७०१ व्हिडिओंमध्ये असे सादर होतात, जणू सरकारने ७०१ यानं गुपचूप मान्य केलीत.

मी ज्या टीममध्ये काम करते तिथे दर महिन्याला बगच्या शेकड्याने तक्रारी येतात. बहुतेकांचं कारण सापडतं. काही तिकिटं मात्र 'पुन्हा घडवता आलं नाही' असा शेरा मारून बंद होतात. लॉग नाही, वेळेची नोंद नाही, ग्राहकाला नक्की काय दाबलं ते आठवत नाही. त्या तिकिटांच्या ढिगाकडे बोट दाखवून "सर्व्हरमध्ये भूत आहे, कंपनी लपवतेय" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. कारण तो ढीग कशाचा आहे हे सगळ्यांना कळतं. तो अपुऱ्या माहितीचा ढीग आहे. 'अनोळखी' हे वस्तूचं वर्णन नसतं, ते आपल्या फाइलचं वर्णन असतं.

उलट, खरंच काहीतरी घडून जातं तेव्हा काय होतं ते आपण पाडव्याच्या रात्री पाहिलंय. एकमेकांना न ओळखणाऱ्या, दूरदूरच्या जिल्ह्यांतल्या लोकांचे व्हिडिओ एकाच वेळी आले. त्यांची दिशा जुळली. कक्षांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे त्याच वेळेला तिथून पडू शकणारं रॉकेट सापडलं. आणि लाडबोरीत धातू पडला. पुरावा असा चारी बाजूंनी येऊन एका जागी भेटतो. सत्तर वर्षं एकाच फोटोभोवती पिंगा घालत नाही.

*

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द. मामाच्या गोष्टीवर माझ्या ऑफिसमधले मित्र खो खो हसले. "गावात पाडव्याला काय काय पितात!" मामा सुपारीही खात नाही. 'भास झाला असेल' हेही तेवढंच आळशी उत्तर आहे. त्याला भास झाला नव्हता. त्याने खरोखर आभाळात काहीतरी पाहिलं होतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा लक्ष देऊन पाहिलं होतं. त्याला हसलं की तो त्या खर्जातल्या आवाजाकडे जातो. तिथे निदान त्याला कोणी वेडा म्हणत नाही.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं निरुपद्रवी आहे, म्हाताऱ्याला रमू द्यावं, त्यांच्यासाठी लडाखची गोष्ट. २०१२च्या ऑगस्टपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत पँगाँग सरोवराच्या भागात आपल्या जवानांनी आभाळातल्या अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी टेहळणी ड्रोन असल्याचा संशय होता. त्यातल्या १५५ वेळा त्या वस्तूंनी प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडली, असंही नोंदवलं गेलं. अखेर बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांची मदत घेतली गेली. त्यांनी पहिला प्रश्न साधा विचारला: ही वस्तू ताऱ्यांच्या मागे-पुढे सरकते, की ताऱ्यांसोबतच सरकते? ताऱ्यांसोबत सरकत होती. ते ड्रोन म्हणजे गुरू आणि शुक्र निघाले.

घुसखोर सरोवरावर घिरट्या घालत नव्हता, तो कोट्यवधी किलोमीटर दूर होता. त्याच २०१३च्या एप्रिलमध्ये देपसांगला भारत आणि चीनचं सैन्य तीन आठवडे समोरासमोर तंबू ठोकून बसलं होतं. अशा जागी, अशा दिवसांत, एखाद्याने शुक्रावर गोळी झाडली असती तर? जवान प्रामाणिक होते. नोंदी काटेकोर होत्या. उलगडा कित्येक महिने झाला नव्हता. तिन्ही दावे तिथेही खरेच होते.

म्हणून पुढच्या वेळी कोणी तुम्हाला असा फोटो पाठवला तर "खरा की खोटा" या भांडणात पडू नका. विचारा, अंतर किती होतं, आणि ते कसं कळलं? दुसऱ्या गावातून तीच वस्तू त्याच मिनिटाला कोणी पाहिली का? शेजारी कोणता तारा होता? आणि स्वतः काही दिसलं तर झूम करू नका. फोनचा कॅमेरा फोकस चुकवून शुक्राचीही गरगरीत बशी करतो. चौकटीत घराचं छप्पर किंवा विजेचा खांब येऊ द्या, घड्याळ बघा, आणि दिसलं ते कोणाशीही बोलण्याआधी लिहून ठेवा. मामाचं पाडव्याच्या रात्रीचं वाक्य आजही त्याच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये अचूक आहे. तुकडे तुकडे, एकामागं एक.

गेल्या दिवाळीत मी त्याला गच्चीवर घेऊन गेले. वाद घातला नाही, एक गणित घातलं. "ते आभाळ ओलांडायला किती वेळ लागला, मामा?" "मिनिटभर." "कडुलिंबाच्या उंचीवर असेल तर मिनिटात किती गेलं?" त्याने मनातल्या मनात झाड मोजलं, अंगण मोजलं. "पन्नास-साठ मीटर." "म्हणजे वेग?" तो थांबला. "माणूस चालते त्याहून कमी." "आणि मागच्या गल्लीतून दिसलं असतं?" "मधात घरं हायेत. नसतं दिसलं." "मग झाबुआला कसं दिसलं?"

तो बराच वेळ कडुलिंबाकडे बघत राहिला. मग बोटांवर काहीतरी हिशेब केला, जसा तो फळ्यासमोर करत असेल. "म्हणजे ते लय वर होतं. आन् लय जोरात."

"हो."

जिना उतरताना तो मधेच थबकला.

"खिडक्या होत्या पण," म्हणाला.